एलचीतला ‘ची’

परराष्ट्र खात्याने अमक्या देशाच्या एलचीला बोलावून घेतलं, अशी बातमी मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. राजदूत हा शब्द आता जास्त चालतो, पण मथळ्यात जागा कमी पडली की उपसंपादक एलचीकडे वळतो. शब्द जुना आहे, इतिहासाच्या पुस्तकांत पावलोपावली भेटतो आणि मराठीत इतका मुरलाय की तो कुठून आला असेल, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. आलाच तर फारशीकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. फारशीतून आला हे खरं, पण तो फारशीचा नाही. तुर्की भाषांत ‘एल’ किंवा ‘इल’ म्हणजे राज्य, मुलूख, त्या मुलखातले लोक. त्याला ‘ची’ लागला की झाला राज्याच्या कामावर निघालेला माणूस. तुर्कस्तानात राजदूताला आजही ‘ब्युयुक एल्ची’ म्हणतात, म्हणजे थोरला एलची. एकोणिसाव्या शतकात स्ट्रॅटफर्ड कॅनिंग नावाचा इंग्रज मुत्सद्दी इस्तंबूलच्या दरबारात इतका वजनदार होऊन बसला होता की खुद्द इंग्रजही त्याला ‘ग्रेट एल्ची’ म्हणू लागले. अझरबैजानात मात्र हाच शब्द घरगुती कामाला जुंपलाय. तिथे मुलीला मागणी घालायला मुलाकडची जी वडीलधारी मंडळी जातात, त्यांना एल्ची म्हणतात. दोन राज्यांची बोलणी काय आणि दोन घरांची काय, कौशल्य तेच लागतं.

हा छोटासा ‘ची’ हा या लेखाचा विषय. मंगोलियाच्या गवताळ माळापासून हंगेरीपर्यंत आणि रशियापासून कैरोपर्यंत तो पसरला. महाराष्ट्रातही आला. पण इथे त्याचं जे झालं ते बाकीच्या ठिकाणांहून वेगळं आहे.

आधी थोडी निवड-पाखड करायला हवी, कारण मराठीत ‘ची’ने संपणारे शब्द पुष्कळ आणि ते सगळे एका कुळातले नाहीत. आपला स्वतःचा ‘चा-ची-चे’ तर आहेच. घराची, दाराची, गावाची. त्याच्याशी तुर्की प्रत्ययाचा काही संबंध नाही आणि मराठी व्याकरणही दोघांना एकमेकांत मिसळू देत नाही. षष्ठीचा ‘ची’ लागण्याआधी शब्दाला सामान्यरूप घ्यावं लागतं. मशालीची ज्योत, नगाऱ्याची घाई. तुर्की ‘ची’ मात्र शब्दाला थेट चिकटतो, मशालची, नगारची. मशालीची म्हणजे मशालीच्या मालकीची एखादी वस्तू आणि मशालची म्हणजे मशाल धरणारा माणूस. मधली एक ‘ली’ सगळा घोळ टाळते.

दुसरा ‘ची’ स्वयंपाकघरात आहे. देगची म्हणजे छोटी देग. आपली डेचकी हे तिचंच उलटसुलट झालेलं रूप. हा ‘ची’ फारशीतल्या लहानपणा दाखवणाऱ्या ‘चे’चा भाऊ. बाग लहान झाली की बगीचा होतो, तो याच प्रत्ययामुळे. वेलचीत संस्कृत ‘एला’ आहे, तिला या भानगडीत ओढायचं कारण नाही. कैची तुर्कीतूनच आली, पण ती हत्यार आहे, कारागीर नाही. हे सगळे बाजूला काढले की उरतो तो आपला ‘ची’. एखाद्या वस्तूच्या किंवा कामाच्या नावाला लागून ते काम करणारा माणूस दाखवणारा.

त्याचा एक फार जुना लेखी पुरावा दगडावर आहे. मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात ७३२ साली क्युल तेगिन या तुर्की राजपुत्राच्या स्मरणार्थ एक शिलालेख उभारला गेला. त्याची लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. १८९३ साली विल्हेल्म थॉमसन या डॅनिश भाषापंडिताने ती उलगडली. त्या लेखात ‘बेदिझ्ची’ हा शब्द आहे. बेदिझ म्हणजे नक्षी, चित्रकाम. राजपुत्राचं स्मारक सजवायला चीनच्या बादशहाने आपले कारागीर पाठवले, त्यांना हे नाव दिलंय. त्याच लेखात ‘तमगाची’ही आहे. तमगा म्हणजे शिक्का, तेव्हा हा झाला राजमुद्रा सांभाळणारा अधिकारी. छातीवर लावायच्या पदकाला हिंदीत तमगा म्हणतात, तोही या शिक्क्याच्याच घराण्यातला. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीही हा प्रत्यय दोन्हीकडे चालत होता, कलावंताला आणि कारभाऱ्याला. एक हाताने काम करणारा, दुसरा हुद्द्यावरचा. ही दुहेरी चाल लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे काही देशांत तो हातावर पोट असलेल्यांच्या बाजूने गेला आणि काही देशांत हुद्देदारांच्या.

मंगोल भाषेतही हाच प्रत्यय आहे. तो तुर्कीतून मंगोलीत गेला की मंगोलीतून तुर्कीत आला की दोघींच्या कुठल्या सामाईक पूर्वजाकडून आला, यावर विद्वान अजून भांडताहेत. ते भांडण त्यांच्यावर सोडलेलं बरं. चंगीझखानाच्या खास पहारेकऱ्यांच्या पथकात कामांची वाटणी होती आणि बहुतेक कामांची नावं ‘ची’वर संपत. बाणांचा भाता वाहणारा कोर्ची, लिहिण्याचं काम करणारा बिचिगेची, आणि खानाचं खाणंपिणं पाहणारा बाउर्ची. हा बाउर्ची साधा आचारी नव्हे. खानाच्या ताटात काय पडतं ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती खानाचा जीव. म्हणून ही जागा अगदी विश्वासातल्या माणसाला मिळे. पुढे हा शब्द इराणमार्गे हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचा बावर्ची झाला होता. १९७२ साली हृषीकेश मुखर्जींनी राजेश खन्नाला ‘बावर्ची’ केलं, तेव्हा एका घराचं सगळं त्याच्यावर सोपवलं होतं. बाउर्चीचा जुना मान नकळत परत मिळाला म्हणायचा.

मंगोलांनी जिंकलेल्या मुलखावर जो अंमलदार नेमला जाई तो दारुगाची. चीनमध्ये मंगोलांचं राज्य आल्यावर चिनी कारकुनांपुढे पंचाईत उभी राहिली. त्यांच्या लिपीत असले परके उच्चार लिहायचे तर उच्चाराने जवळची चित्राक्षरं उचलावी लागतात. ‘ची’साठी त्यांनी जे अक्षर घेतलं त्याचा चिनीतला अर्थ ‘लाल’. त्यामुळे युआन राजवटीच्या दप्तरांत बडे बडे मंगोल अंमलदार ओळीने शेपटाला लाल लावून उभे असतात.

आज मंगोलियात ड्रायव्हरला ‘जोलोच’ म्हणतात. जोलो म्हणजे लगाम. शेवटचा स्वर झिजला, घोडा गेला, ट्रक आला, पण गाडी हाकणारा अजून लगामवालाच आहे. किर्गिझस्तानात ‘मानस’ या प्रचंड वीरकाव्याचं गायन करणाऱ्याला ‘मानसची’ म्हणतात. मानस गाणं हेच त्याचं काम, म्हणून प्रत्यय सरळ काव्याच्या नावालाच लावलाय. सायाकबाय कारालाएव हा विसाव्या शतकातला सगळ्यात नावाजलेला मानसची. त्याच्याकडून उतरवून घेतलेल्या मानसच्या ओळी सुमारे पाच लाख भरतात. महाभारत एक लाख श्लोकांचं मानलं जातं, हे लक्षात घेतलं की या माणसाच्या स्मरणशक्तीचा अंदाज येतो. शेजारच्या कझाकांच्या तोंडी ‘ची’चा ‘शी’ होतो. गरुड पाळून शिकार करणारा तिथे बुर्कित्शी.

पण या प्रत्ययाची खरी मजा पाहायची तर तुर्कस्तानात. तिथे त्याची आठ रूपं आहेत. तुर्कीला स्वरांची जुळणी लागते. शब्दातला शेवटचा स्वर जसा, तसा प्रत्ययातला स्वर वळतो. शब्द क, त, प, श अशा घोषहीन व्यंजनाने संपला तर ‘च’, एरवी ‘ज’. एक्मेक म्हणजे पाव, तेव्हा पाववाला एक्मेक्ची. स्युत म्हणजे दूध, दूधवाला स्युत्चु. कापी म्हणजे दार, आणि दारवान कापीजी. योल म्हणजे रस्ता, आणि योल्जु म्हणजे प्रवासी. (देवनागरीत तुर्कीचे काही स्वर नीट बसत नाहीत, वाचकांनी थोडं चालवून घ्यावं.) तुर्की मुलाला हे नियम कोणी शिकवत नाही, ते जिभेवरच असतात. नवा शब्द कानावर पडला रे पडला की योग्य रूप आपोआप चिकटतं. फुटबॉल आला, फुटबोल्जु झाला. गॅझेट आलं, बातमीदार गाझेतेजी झाला.

इस्तंबूलच्या गल्ल्यांतून जुनंपुराणं सामान घेणारा फिरतो, त्याला एस्किजी म्हणतात. एस्की म्हणजे जुनं. तो आपल्या धंद्याचं नाव हेल काढून ओरडतो आणि शेवटचा ‘जी’ गल्लीच्या टोकापर्यंत ओढत नेतो. आपल्या भंगारवाल्याला ‘वाला’ ओढता येत नाही, तो ‘भंगार’वरच थांबतो. बोझा हे धान्य आंबवून केलेलं दाट हिवाळी पेय. ते विकणारा बोझाजी. ओर्हान पामुक यांची २०१४ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी अशाच एका रात्री फिरून बोझा विकणाऱ्याची आहे. तुर्कीत म्हणच आहे की बोझाजीचा साक्षीदार शिराजी, म्हणजे द्राक्षरस विकणारा. चोर चोर मावसभाऊ याला तुर्कीत असा बाजारी साज मिळालाय.

धंद्यापुरता हा प्रत्यय थांबत नाही. यालान म्हणजे खोटं. यालान्जी म्हणजे खोटारडा. खोटं बोलणं हाही एक व्यवसायच, असं ही भाषा मानते की काय कोण जाणे. आक्शाम म्हणजे संध्याकाळ, आणि आक्शाम्जी म्हणजे संध्याकाळ झाली की ज्याला बाटली आठवते तो. शब्दात दारूचा उल्लेखसुद्धा नाही. राजकारणातही तेच. सोल म्हणजे डावा, सोल्जु म्हणजे डाव्या विचारांचा. साग म्हणजे उजवा, साग्जी म्हणजे उजव्या विचारांचा. अतातुर्कच्या पक्षाने १९३१ साली आपली सहा तत्त्वं ठरवली, ती सहा बाण म्हणून ओळखली जातात आणि १९३७ साली ती राज्यघटनेत गेली. त्या सहापैकी पाच तत्त्वांच्या नावांत हा प्रत्यय आहे. जुम्हुरियेत्ची, मिल्लियेत्ची असं करत प्रजासत्ताकवाद आणि राष्ट्रवाद घडवले गेले. ओर्खोनच्या दगडावर शिक्का सांभाळणारा ‘ची’ आता विचारसरणी सांभाळू लागला. सहावं तत्त्व तेवढं ‘लाइक्लिक’, म्हणजे धर्मनिरपेक्षता. त्याचा धातू फ्रेंच आणि त्याला ‘ची’ची गरज पडली नाही.

तुर्कस्तानाच्या पश्चिमेला हा प्रत्यय दोन वेळा, दोन वाटांनी गेला. पहिली वाट जुनी. मग्यार लोक हंगेरीत येण्याआधी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या माळांवर तुर्की टोळ्यांच्या शेजारी राहत होते. तिथून त्यांनी सुताराला ‘आच’ हा शब्द उचलला. मूळ तुर्कीत आगाच म्हणजे झाड, लाकूड; आगाच्ची म्हणजे लाकडाचं काम करणारा. हंगेरियन जिभेने त्याला घासून घासून एका अक्षरावर आणलं. आज हंगेरीत आच हे आडनाव आहे आणि ते लावणाऱ्याला आपल्या नावात एक प्रत्यय गाडलेला आहे याचा पत्ता नसतो. रशियनमध्ये खजिना सांभाळणाऱ्याला ‘काझ्नाचेय’ म्हणतात. हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अरबीतला खजिना, त्याला तुर्की ‘ची’, आणि वर रशियन शेपूट. आपला खजानची आणि मॉस्कोचा काझ्नाचेय हे सख्खे भाऊ आहेत. एक इराणच्या वाटेने खाली आला, दुसरा व्होल्गाच्या काठाने वर गेला.

दुसरी वाट उस्मानी साम्राज्याची. चौदाव्या शतकापासून पुढची चार-पाचशे वर्षं बाल्कन प्रदेशावर तुर्कांचा अंमल राहिला. अंमल नुसता फौजेचा नव्हता. शहरात बाजारपेठ उभी राहिली, कारागिरांचे संघ आले, चांभार, लोहार, सोनार, हलवाई यांच्या गल्ल्या झाल्या आणि प्रत्येक गल्लीला धंद्याचं तुर्की नाव मिळालं. साराजेवोच्या जुन्या पेठेत आजही काझान्जिलुक नावाची गल्ली आहे. काझान म्हणजे कढई, हंडा. पुण्याच्या तांबट आळीत जसा ठोके घालण्याचा आवाज असतो तसाच तिथेही. मोस्तार शहरात कुयुन्जिलुक ही सोनारांची गल्ली पुलाला लागून आहे.

मग माणसांची आडनावं या धंद्यांवरून पडली. हंडे घडवणाऱ्याच्या वंशजांना अर्मेनियन लोकांत काझान्जियन म्हणतात, बल्गेरियात काझान्जिएव. ‘झोर्बा’ लिहिणारे ग्रीक कादंबरीकार निकोस काझांत्झाकिस यांच्या आडनावात तोच हंडा, तोच ‘ची’ आणि शेवटी क्रीट बेटाची खास ‘आकिस’ ही जोड आहे. रंगाऱ्यांचे वंशज अर्मेनियात बोयाजियन, बल्गेरियात बोयाजिएव. कल्हई करणारा तुर्कीत कलायजी, आणि बोस्नियात-सर्बियात कालाय्जिच हे आडनाव. कल्हई हा आपला शब्द आणि त्यांचा ‘कलाय’ हे दोन्ही अरबीतल्या एकाच शब्दातून निघालेत. धंदा तोच, धातूचं नावही तेच. तिथे त्याला ‘जी’ लागला, इथे ‘वाला’.

बाल्कनातली खरी गोष्ट मात्र आडनावांपुढची आहे. तिथल्या लोकांनी हा प्रत्यय तुर्की शब्दांपुरता ठेवला नाही, तो आपल्या शब्दांना लावायला सुरुवात केली. सर्बियनमध्ये शाला म्हणजे थट्टा, अस्सल स्लाव्ह शब्द. थट्टेखोर माणूस शाल्जिया. गोवोर म्हणजे बोलणं, बोलण्यात तरबेज तो गोवोर्जिया. ट्राम आली तेव्हा ती चालवणारा त्राम्वाय्जिया झाला. हा शब्द ‘या’ने संपतो, सर्बियनमध्ये असे शब्द बहुधा स्त्रीलिंगी असतात, तरी ट्रामवाला मिशीवालाच. ग्रीकमध्ये पाल्योस म्हणजे जुना. जुनं सामान घेणारा पाल्यात्झिस. म्हणजे इस्तंबूलच्या एस्किजीचं ग्रीक भाषांतर, पण प्रत्यय तुर्कीच ठेवून. आणि टॅक्सी चालवणारा ताक्सित्झिस. अथेन्स विमानतळावर उतरल्यावर पहिला भेटणारा माणूस बहुधा हाच.

तुर्कांचं राज्य गेल्यावर त्यांच्या शब्दांची प्रतिष्ठाही गेली. व्याकरणपंडितांनी आपापल्या भाषा ‘शुद्ध’ करायला घेतल्या, सरकारी कागदांतून तुर्की शब्द हटले. पण प्रत्यय बाजारात, गल्लीत, शिवीगाळीत टिकला आणि त्याला एक रांगडा, किंचित हेटाळणीचा सूर चढला. ग्रीक सरकारी अर्जावर टॅक्सीचालक असतो, ताक्सित्झिस तोंडी. रोमानियात बार्काजिउ म्हणजे नावाडी, हा निरुपद्रवी. पण स्कांदालाजिउ म्हणजे जिथे जाईल तिथे भांडण उकरणारा आणि रेक्लामाजिउ म्हणजे उठसूट तक्रार करणारा. बल्गेरियात दालावेराजिया म्हणजे लटपटी करून पैसा करणारा. माणसाच्या खोडीला नाव ठेवायचं असलं की हा प्रत्यय हाताशी असतो. सत्तेच्या दिवसांत ज्याने हुद्दे दिले, त्याच्याकडे आता टोपणनावं द्यायचं काम आलं.

कैरोत याची सगळ्यात टोकाची परिणती झाली. इजिप्शियन अरबी बोलीत हा प्रत्यय ‘गी’ होतो. इस्त्रीवाला मक्वागी, कॉफीवाला कहवागी, पोस्टमन बोस्तागी. बोस्तागीमध्ये युरोपातली पोस्ट, तुर्कांचा प्रत्यय आणि अरबांची जीभ तिन्ही आहेत. याह्या हक्की यांच्या कथेवरचा ‘अल बोस्तागी’ हा १९६८चा चित्रपट अरबी सिनेमात मानाचा मानला जातो. पण मी सांगतोय तो शब्द ‘बल्तागी’. बल्ता म्हणजे कुऱ्हाड. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात बाल्ताजी नावाचं सेवकांचं पथक होतं. लाकूडतोडीपासून सुरुवात झालेली ही माणसं पुढे राजवाड्यात वजनदार झाली. त्यांतलाच बाल्ताजी मेहमेद पाशा वझीर-ए-आझम झाला आणि १७११ साली प्रूत नदीकाठी त्याने रशियाच्या पीटर झारला कोंडीत पकडलं. तोच शब्द कैरोत आला तेव्हा त्यातली कुऱ्हाड उरली आणि राजवाडा गळाला. बल्तागी म्हणजे भाड्याने दंगा करणारा गुंड. २०११च्या जानेवारी-फेब्रुवारीत तहरीर चौकातल्या निदर्शकांवर उंट-घोडे घालून हल्ला झाला, तेव्हा जगभरच्या वार्ताहरांनी हा शब्द आपापल्या बातम्यांत जसाच्या तसा वापरला.

आता आपल्याकडे. इराणवर दहाव्या-अकराव्या शतकापासून पुढे बराच काळ तुर्की वंशाच्या घराण्यांचं राज्य होतं, मध्ये मंगोलही येऊन गेले. फारशी दरबाराची भाषा राहिली, पण फौजेत आणि राजघराण्यात तुर्की बोलली जाई. त्यामुळे ‘ची’ फारशीत घुसला आणि तिथे चांगला फोफावला. फारशीत शिकारी म्हणजे शिकारची आणि टपालवाला म्हणजे पोस्तची, हे आजचेही शब्द आहेत. तिथे प्रेक्षकाला तमाशाची म्हणतात! तमाशा म्हणजे पाहणं, पाहायची गोष्ट. तेव्हा तमाशाची म्हणजे पाहणारा. मराठी तमासगीर नेमका रंगमंचाच्या दुसऱ्या बाजूला उभा आहे.

हिंदुस्थानात हा प्रत्यय फारशीचं बोट धरून आला. बाबराची मायबोली तुर्की होती, आपलं आत्मचरित्रही त्याने तुर्कीतच लिहिलं. १५२६ साली पानिपतावर त्याच्या तोफा लावायला उस्ताद अली कुली आणि मुस्तफा हे तोफेतले जाणकार होते. हिंदीतला तोपची या परंपरेतला. दख्खनेत तर तुर्की माणसं मोगलांच्याही आधीपासून आहेत. गोवळकोंड्याची कुतुबशाही काराकोयुन्लू तुर्कांच्या वंशातली. विजापूरची मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली आणि ती ओतणारा महंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. नगरला तोफखाना या नावाचा भाग आजही आहे. मराठीने तोफ घेतली, तोफखाना घेतला, पण तोफेवरच्या माणसाला मात्र फारशी वळणाचा गोलंदाज हा शब्द दिला. तो पुढे क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकू लागला. तोपची मराठीत रुजला असता तर आज वर्तमानपत्रांत जलदगती तोफची वाचायला मिळाला असता.

मराठीत जे ‘ची’ आले ते असे: एलची, खजानची, मशालची, नगारची, तबलची, बावर्ची. गडांवर नि देवस्थानांत नगारखाना असे, तिथे नगारची असे. यादी फार मोठी होत नाही. सगळे शब्द दरबाराशी, छावणीशी, सरदाराच्या इतमामाशी जोडलेले, आणि सगळे तयार होऊनच आलेले. मराठी माणसाने स्वतःच्या शब्दाला ‘ची’ लावून नवा कारागीर घडवला नाही. रिक्षाची, दुधची, भाजीची असं कोणी म्हटलं नाही.

याचं कारण मला बाजारात दिसतं. बाल्कनात तुर्की बोलणारा माणूस शेजारच्या दुकानात बसलेला होता, हंडे ठोकत होता, पाव भाजत होता. त्याचा प्रत्यय लोकांनी रोज कानाने ऐकला आणि उचलला. आपल्याकडे तुर्की बोलणारा होता तो घोड्यावर किंवा गादीवर. बाजारात तो नव्हता. त्याचे शब्दही फारशी लिहिणाऱ्या मुनशीच्या लेखणीतून झिरपत खाली आले. शिवाय इथे जागा रिकामी नव्हती. फारशीचा ‘दार’ आधीच ठाण मांडून बसला होता. जमीनदार, ठाणेदार, हवालदार. सौदागर, कारागीर असे ‘गर’ आणि ‘गीर’ होते. हिंदुस्थानीतून ‘वाला’ आला होता. आणि मराठीचा स्वतःचा ‘करी’ होताच. शेतकरी, वारकरी, गावकरी. एवढ्या गर्दीत ‘ची’ने शिरावं कुठून? खजानचीचंच पाहा. मराठीत ‘दार’ने त्याची खुर्ची काढून घेतली, सोसायटीच्या निवडणुकीत आपण खजिनदार निवडतो. सीमेपलीकडे कन्नडमध्ये मात्र संस्थांचे खजांची अजून पदावर आहेत.

काही शब्दांत मराठीने ‘ची’चा ‘जी’ केला. मशालचीचा मशालजी झाला, तबलचीचा तबलजी. हा बदल उच्चाराच्या सोयीचा, पण त्यातून एक गमतीची स्थिती उभी राहिली. शब्दाच्या शेवटी ‘जी’ म्हणजे आपल्याकडे आदर; गुरुजी, शास्त्रीजी. तबलजीत तो जी दिसतो, पण आदर नाही. तुर्की कारागिराचा तो जी आहे. उलट तबलजी म्हटलं की गाणारीच्या मागे बसलेला, बिदागीवर जगणारा साथीदार डोळ्यांपुढे यायचा. हिंदीत तबलची तर उघडच हलकं संबोधन आहे. अफूच्या आहारी गेलेल्याला अफीमची म्हणतात त्याच रांगेतलं. विसाव्या शतकात तबल्याला मैफलीत स्वतंत्र मान मिळाला तेव्हा वाजवणाऱ्यांनी हा शब्द टाकला आणि तबलावादक, तबलानवाज अशी नावं घेतली. बाल्कनात जी उतरण झाली तीच इथेही, फक्त वाटा वेगळ्या.

सगळ्यात लांबचा आणि चमत्कारिक प्रवास मशालचीने केला. मोगल आणि मराठा सरदारांच्या पालखीपुढे रात्री मशाल धरून धावणारा हा माणूस कंपनी सरकारच्या काळात इंग्रज साहेबाच्या पदरी आला. पालखीचे दिवस सरले तेव्हा तो घरात शिरला, दिवे पुसू लागला, वातींना तेल घालू लागला. काळ्या झालेल्या चिमण्या घासणारा माणूस काळी झालेली भांडीही घासेल, असा हिशेब साहेबाच्या घरात झाला असावा. कारण अँग्लो-इंडियन घरांत ‘मसालची’ म्हणजे भांडी घासणारा नोकर असा अर्थ एकोणिसाव्या शतकातच पक्का झाला. पुढे रॉकेलचे दिवे गेले, वीज आली, साहेबही गेले. काही सरकारी मेस आणि वसतिगृहांच्या पदयाद्यांत मात्र मसालचीची जागा राहिली. त्याचं काम आचाऱ्याच्या हाताखाली चिरणं, वाटणं आणि भांडी घासणं. त्या जागेवर लागणाऱ्याला हा शब्द मसाल्यावरून आला असं वाटतं, आणि काम पाहता तो अर्थ लावणाऱ्याला दोष देता येत नाही.